होस्टेलच्या रूममध्ये कोणता पलंग कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला लहान भावाचा फोन आला. एवढ्या रात्री फोन वाजला की घरात सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो, आई तर उठून बसलीच. त्याला यंदा पॉलिटेक्निकला अॅडमिशन भेटली, जिल्ह्याच्या ठिकाणी होस्टेलवर राहतो, अजून पंधरा दिवस पण झाले नाहीत. मी म्हटलं काय झालं रे, तब्येत बरी आहे ना, तर म्हणे, "ताई, मले दरवाजाजवळचा पलंग भेटला. झोपच होत नाही. बटनं माह्या डोक्याशी हायेत, बारा-बारा वाजेपर्यंत पोट्टे येनं-जानं करतात, लाइट लाव, लाइट बंद कर, सगळे मलेच सांगतात." आई म्हणाली एवढंच ना, मी तर घाबरूनच गेली होती बाप्पा, अन् परत जाऊन झोपली. मला मात्र झोप लागली नाही, कारण सात वर्षांआधी अमरावतीच्या एका होस्टेलमध्ये अगदी त्याच जागी मी झोपत होती.

दरवर्षी जून-जुलैमध्ये पेपरात अॅडमिशनच्या बातम्या येतात, कटऑफ येतो, वसतिगृहात किती सीट आहेत, मेसमधलं जेवण कसं आहे, पाण्याची टाकी कधी धुतली, हे सगळं येतं आणि यायलाच पाहिजे. पण रूमच्या आत चार पलंग असतात आणि चारही सारखे नसतात, त्यातला कोणता कोणाला द्यायचा हे कोण ठरवतं यावर कोणी काही लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. समाजकल्याणचं वसतिगृह असो नाहीतर आदिवासी विकासचं, तिथं सीट भेटायला फॉर्म आहे, टक्केवारी आहे, आरक्षण आहे, नोटीस बोर्डावर यादी लागते. पण एकदा का रूममध्ये पेटी ठेवली की सगळे नियम संपले, तिथून पुढं जो आधी आला त्याचं, नाहीतर जो दांडगा त्याचं. लोक म्हणतात पलंगच तर आहे. पण पोरगं त्या पलंगावर तीन-चार वर्षं काढतं, तिथंच अभ्यास करतं, तिथंच तापानं फणफणत पडतं, घरची आठवण आली तर तिथंच तोंडावर चादर घेऊन रडतं, त्याच्याकडं त्या अख्ख्या शहरात स्वतःची अशी तेवढी सहा बाय तीनचीच जागा असते.

ज्यांनी होस्टेल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आमची रूम कशी होती ते. दहा बाय बाराची खोली, एक खिडकी पश्चिमेला, एक पंखा मधोमध, प्लगचा पॉइंट एकच आणि तोही खिडकीजवळच्या पलंगाला लागून. म्हणजे त्या पलंगावरचीला पडल्या पडल्या मोबाईल चार्ज करता येणार, बाकीच्यांनी तिला विचारायचं. दुसरा पलंग पंख्याच्या बरोबर खाली, सगळ्यात मस्त जागा तीच. तिसरा बाथरूमच्या भिंतीला लागून, ती भिंत बारा महिने ओली, पोपडे पडून पडून उशीवर चुना सांडायचा, पावसाळ्यात गादीला बुरशीचा वास. आणि चौथा दरवाजाशी, सगळ्यांच्या चपला त्याच्याखाली, झाडू त्याच्यामागे, बटनं डोक्यावर, रात्री कोणीही दार वाजवलं तर कडी उघडायला त्याच पलंगावरचीनं उठायचं.

मी पहिल्या वर्षी गेली त्या दिवशी आमच्या गावातून सकाळी सहाची एसटी पकडली, मग दारव्हा, तिथून नेरमार्गे अमरावती, मध्ये गाडी अर्धा तास बंद पडली, पोचेपर्यंत दीड वाजला. बाबांच्या खांद्यावर पेटी, माझ्या हातात गादीची वळकटी आणि जवसाच्या चटणीचा डबा. रूममध्ये पाहतो तर तीन पलंगांवर चादरी टाकून ठेवलेल्या. त्या तिघींची घरं जवळ होती, एकीला तिच्या काकांनी गाडीनं सकाळी आठलाच आणून सोडलं होतं. त्यांची चूक होती असं मी आजही म्हणत नाही, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. बाबा त्या दरवाजाजवळच्या पलंगावर बसले, दोन्ही तळव्यांनी पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "पाय बाई, मजबूत हाय. करकर बी नाही करत." मग परतीची गाडी चुकेल म्हणून चहा पण न घेता निघाले. त्यांना सगळं दिसत होतं, त्यांनी बटनं पण पाहिली होती आणि चपला पण पाहिल्या होत्या, हे मला खूप नंतर समजलं.

"जो आधी येईल त्याचा" हे ऐकायला किती सरळ वाटतं ना. पण आधी कोण येतं साहेब? ज्याचं घर जवळ आहे तो येतो, नाहीतर ज्याच्याकडं गाडी आहे तो. धारणीची मुलगी सेमाडोह, परतवाडा करत घाटातून येणार, भामरागड-एटापल्लीकडच्या पोराला पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर दोन दिवस निघताच येणार नाही, ज्याच्या घरी पेरणी सुरू आहे तो बापाला सोयाबीन पेरू लागून मग येणार. म्हणजे जो सगळ्यात लांबून येतो, ज्याला सुट्टीत घरी जाणं सगळ्यात कठीण, ज्याला त्याच रूममध्ये सगळ्यात जास्त दिवस काढायचे आहेत, त्यालाच उरलेला पलंग. याला मी न्याय म्हणूच शकत नाही.

दुसरी पद्धत सिनियरवाली. थर्ड इयरवाल्यांनी खिडकी घ्यायची, फर्स्ट इयरवाल्यांनी दरवाजा, आणि जाताना आपला पलंग आपल्याच गावच्या नाहीतर आपल्याच समाजाच्या पोराला देऊन जायचं, वारशानं शेत दिल्यासारखं. त्यांचं म्हणणं असतं की आम्ही पण पहिल्या वर्षी दरवाजाशीच झोपलो होतो. मला यात थोडं तथ्य वाटायचं आधी, शेवटी त्यांनी पण सोसलंच होतं. पण मग सासूनं सोसलं म्हणून सुनेनं सोसायचं यातलाच हा प्रकार झाला, कुठंतरी थांबवणार की नाही. आणि एखादा सिनियर नव्या पोराची पेटी उचलून बाहेर ठेवत असेल आणि उठ म्हणत असेल तर ती साधी पलंगाची गोष्ट राहत नाही. आपल्या राज्यात रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ चे आहेत आणि त्यात नव्या मुलांची सोय शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये करा असं म्हटलेलं आहे. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन पण आहे, ती प्रत्येक होस्टेलच्या पोरानं मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवावी.

समाजाचं निघालंच आहे तर तेही लिहिते. पहिल्या आठवड्यात नाव विचारण्याआधी आडनाव विचारतात आणि आडनाव ऐकल्यावर पलंग थोडासा पलीकडं सरकतो, लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा तो आवाज होतो. कोणी तोंडानं काही बोलत नाही. मी तो आवाज ऐकलेला आहे, ज्या मुलीसाठी सरकला होता तिनं पण ऐकला, तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. आणि हे त्या अमरावतीत, जिथं डॉ. पंजाबराव देशमुखांनी सगळ्या जातींच्या पोरांनी एकत्र राहावं म्हणून श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं. आणि हाच तो जिल्हा, जिथल्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले, ज्यांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी एक झोपडी बांधली नाही. १९८३ मध्ये निघालेलं आपल्याकडचं विद्यापीठ आज त्यांच्याच नावानं आहे. त्याच विद्यापीठाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला ओल्या भिंतीचा पलंग भेटतो तो कशामुळं, हे एकदा जाऊन पाहायला पाहिजे कोणीतरी.

आता मुख्य गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षी आमच्या रूममध्ये मेळघाटातली एक मुलगी आली, दोन दिवस उशिरा, त्यामुळं तिला तो ओल्या भिंतीवाला. मी तोपर्यंत पंख्याखाली सरकली होती आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा फार बरं वाटत होतं, तिचा विचार मी पण केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. काही विचारलं की ती "मला चालते" म्हणायची. डिसेंबरमध्ये थंडीची लाट आली, आपल्याकडं उन्हाळा जसा ४५ च्या वर जातो तशी थंडीत रात्र १० च्या खाली पण येते. एका रात्री दोन-अडीचच्या सुमारास मला कण्हण्याचा आवाज आला. पाहते तर ती गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, हाताची बोटं सुजलेली, अंगावर तिची एक पातळ चादर आणि पाठ त्या ओल्या भिंतीला. आम्ही वॉचमनकाकांना उठवलं, ऑटो केला, दवाखान्यात नेलं. तिला सिकलसेल होता. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की लग्नाच्या वेळी अडचण होते असं तिला घरून सांगितलेलं. डॉक्टर मॅडमनी तिला सलाइन लावलं आणि मग आम्हाला बाहेर घेऊन विचारलं, ही झोपते कुठं? मग त्यांनी समजावून सांगितलं की यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं, दगदग झाली की दुखणं उसळतं. म्हणजे तिनं तिथं झोपणं हे तिच्यासाठी नुसतं गैरसोयीचं नव्हतं.

आपल्या विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट सगळीकडं सिकलसेलचे पेशंट आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे, २०२३ च्या जुलैत देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाचं मिशन पण सुरू झालं. पण होस्टेलच्या फॉर्मवर "तुम्हाला असा काही त्रास आहे का ज्यामुळं विशिष्ट जागेचा पलंग लागेल" ही एक ओळ नाही. रक्तगट विचारतात, वडिलांचं उत्पन्न विचारतात, हे विचारत नाहीत. ही ओळ टाकायला एक रुपया लागत नाही, फक्त ते उत्तर होस्टेल सांभाळणाऱ्या रेक्टरजवळच राहिलं पाहिजे, रूममध्ये जाहीर करायची गरज नाही. तसंच कोणाला दमा असतो, त्याला ओल चालत नाही. कोणाला फिट येते, त्याला दोन मजली पलंगाच्या वर झोपवायचंच नाही. हे दोन मजली पलंग आता सगळीकडं आले आहेत आणि काही ठिकाणी वरच्याला कठडाच नाही, पंख्याचं पातं बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल एवढं जवळ, उन्हाळ्यात रात्री तापलेला स्लॅब नाकासमोर. असा वरचा पलंग कोणाला द्यायचा हे ठरवायच्या आधी तो पलंग तिथून हलवा एवढंच माझं म्हणणं आहे.

ती दवाखान्यातून परत आल्यावर आम्ही चौघी बसलो. भांडण नव्हतं, पण कोणी कोणाकडं पाहत पण नव्हतं. शेवटी तीच म्हणाली की मला एकटीला बदलून देऊ नका, सगळ्या मला आजारी म्हणतील, सगळ्यांचंच बदलू. मग आमच्यातल्या एकीनं लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि चारही पलंगांच्या पायांवर १, २, ३, ४ असे आकडे टाकले. मेथीच्या लाडूचा रिकामा डबा होता त्यात चिठ्ठ्या टाकल्या. आधी तिचा निर्णय झाला, ओली भिंत आणि खिडकीची थंडी या दोन्ही गोष्टी तिला नाहीत, हिवाळाभर तर नाहीच. मग उरलेल्या तिघींनी काय काय पाहिजे ते बोलून घेतलं, आणि गंमत अशी की एकीला खिडकीच पाहिजे होती आणि एकीला खिडकी नकोच होती, तिला वाऱ्यानं डोकं दुखायचं, म्हणजे दीड वर्ष दोघी उलट्या जागी झोपत होत्या आणि कोणी विचारलंच नव्हतं. जिथं दोघींना एकच पाहिजे होता तिथंच फक्त चिठ्ठी काढली. त्या दिवशी ओल्या भिंतीपासून पलंग वीतभर ओढून मध्ये पुठ्ठे पण लावले, हे आधीच करता आलं असतं.

पुढच्या वर्षीपासून आम्ही नियम केला की जुलैमध्ये चिठ्ठी काढायची आणि मग दिवाळी, संक्रांत, होळी झाली की एक-एक घर पुढं सरकायचं. सण धरले कारण सणाला सगळ्या घरी जातात, येताना धुतलेल्या चादरी घेऊन येतात, मग त्याच दिवशी गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या, पलंगाच्या सांध्यात उकळतं पाणी ओतायचं, ढेकणांचा पण बंदोबस्त होतो. गादी न वाळवता पलंग बदलला तर ढेकूण पण बदली होऊन येतात हे आम्ही एकदा चांगलंच भोगलं. चार पलंग, चार पाळ्या, तिला नको असलेल्या जागा सोडल्या तर वर्षात प्रत्येकीचा प्रत्येक पलंग होतो.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं आहे आणि ते इकडं राहणाऱ्यालाच समजेल. होळी झाली की रूममध्ये कूलर येतो, परीक्षा पण त्याच दिवसांत असतात, आणि मग "कूलर ज्याचा, पलंग त्याचा" सुरू होतं. आम्ही वर्गणी काढून जुना कूलर घेतला होता तरी सुरुवातीला त्याच्या अगदी खालच्या पलंगासाठी ओढाताण झाली. दोन रात्रींत कळलं की त्याच्या अंगाशी असलेल्या पलंगावर नुसता आवाज आणि ओलसरपणा, हवा समोरच्याला लागते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती निघायला रस्ता पाहिजे, दार बंद ठेवलं तर सगळी खोली चिकट होते. दार उघडं ठेवलं की खिडकीपासून दरवाजापर्यंत सरळ झोत जातो, म्हणजे जो दरवाजाजवळचा पलंग वर्षभर कोणालाच नको तोच एप्रिल-मेमध्ये सगळ्यात थंड. मग आम्ही उन्हाळ्यापुरते चारही पलंग भिंतीपासून सोडवून त्या झोताच्या रेषेत ओळीनं लावले, डोकी एका बाजूला, पाय एका बाजूला, आणि कूलरमध्ये पाणी भरायची पाळी लावली, पहाटेच्या तीन बादल्या धरून. पलंग जमिनीत गाडलेले नसतात, ते हलवता येतात, पण हे सांगायला कोणीतरी मोठं माणूस लागतं.

ते मोठं माणूस म्हणजे रेक्टर. आमच्या मॅडमकडं आम्ही पहिल्या वर्षी गेलो तर म्हणाल्या, पलंगापायी भांडता का, लहान आहात का आता, तुमचं तुम्ही पाहून घ्या. मला त्यांचा राग नाही, दीडशे मुली एकट्या बाईनं सांभाळायच्या. पण "तुमचं तुम्ही पाहून घ्या" म्हटलं की जो जोरात बोलतो त्याचंच होतं, आणि खेड्यातून पहिल्यांदा घर सोडून आलेलं पोरगं पहिल्या दिवशी जोरात बोलत नाही, त्याला तर बाथरूम कुठं आहे हे विचारायची पण लाज वाटते.

म्हणून माझी सगळ्या कॉलेजांना, संस्थावाल्यांना, समाजकल्याण आणि आदिवासी विकासच्या गृहपालांना हात जोडून विनंती आहे की यंदापासूनच, अजून निम्मी पोरं यायची आहेत तोवरच, एवढं करा. अॅडमिशनच्या कागदावरच लिहा की पलंगाची चिठ्ठी अमुक तारखेला संध्याकाळी निघेल, तोवर कोणीही कोणत्याही पलंगावर झोपा पण तो तुमचा झाला असं नाही. ज्याची गाडी चुकली, ज्याच्या नाल्याला पूर आला, त्याची चिठ्ठी रेक्टरनं काढावी. पलंगांना नंबर टाका. आजारी, दिव्यांग पोरांचं आधी, गुपचूप. आणि बदलायचे दिवस नोटीस बोर्डावर लावा, मेसच्या वेळापत्रकासारखे, म्हणजे पोरांना एकमेकांना म्हणावं लागणार नाही की आता तू ऊठ. वसतिगृहात सीट भेटली नाही म्हणून सरकारच्या स्वाधार योजनेचे पैसे घेऊन जे चार जण मिळून बाहेर रूम करून राहतात त्यांना तर रेक्टर पण नसतो, त्यांनी भाडं वाटून घ्यायच्या दिवशीच हे पण बोलून घ्यावं, वाटल्यास दरवाजाजवळच्याला भाड्यात शे-पन्नास कमी करावे, ते पण चालतं.

भावाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून हे सगळं सांगितलं. आधी म्हणे, "जाऊ दे ना ताई, नवीनच हावो, कायले बोलू." मग रविवारी त्यानं बोलून पाहिलं. दोघं हो म्हणाले, खिडकीवाला अजून विचार करतो म्हणतो, त्याचा पण स्वभाव चांगला आहे म्हणे, फक्त त्याच्या बाबांनी सकाळी सातला आणून ती जागा धरून दिली होती त्यामुळं त्याला सोडवत नाही. पोळ्याला भाऊ घरी येणार आहे. पुरणपोळीचा डबा तर आई देईलच, मी माझी लाल नेलपॉलिशची बाटली त्याच्या पिशवीत टाकून ठेवली आहे.

आपली,
एक वाचक आणि मोठी बहीण
ता. दारव्हा, जि. यवतमाळ